शंभर मीटरपर्यंत

आमच्या साडूभाऊंच्या डाव्या मनगटावर गेले काही महिने पुठ्ठ्याचं घड्याळ असतं. दिवसभर नाही, संध्याकाळचा चहा झाला की ते टेबलाच्या खणातून ते काढतात आणि सेलोटेपने चिकटवतात. कुणाच्या तरी लग्नाच्या जाडजूड पत्रिकेतून कंपासने आखून कापलेली, बरोबर 46 मिलिमीटर व्यासाची चकती आहे ती. एका कडेला अजून हळदीचं बोट दिसतं. चिकटवून झालं की हात लांब धरायचा, मग जवळ आणायचा, मग शर्टाची बाही त्यावर ओढून बघायची आणि शेवटी आरशासमोर उभं राहून सहज वेळ बघितल्यासारखं करायचं. "मोठं दिसतंय का हो?" हा प्रश्न घरात येणाऱ्या प्रत्येकाला असतो. सिलिंडर द्यायला आलेल्या माणसालाही विचारून झालंय. तो म्हणाला, "चांगलंय साहेब, पण काटे कुठंयत?"

साडूभाऊंना घड्याळ घ्यायचंय. साधं नाही, पाणबुड्यांचं. त्यातही, आपण पाण्यात किती खोल आहोत ते दाखवणारं. स्विस बनावटीचं. साडूभाऊ पुण्यात, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतात आणि त्यांना पोहता येत नाही.

असा एक माणूस प्रत्येक गोतावळ्यात असतो. कुणी दहा वर्षं दुर्बीण घेणार असतो, कुणी कोकणात जागा घेणार असतो. माझ्या एका मामांनी उभ्या हयातीत तीनदा बुलेट 'जवळजवळ घेतली' होती आणि ते आजही तिच्या सर्व्हिसिंगबद्दल तक्रार करतात. ही माणसं कंजूष नसतात. साडूभाऊंनी मुलीच्या लग्नात हात आखडता घेतला नाही, सोसायटीच्या लिफ्टसाठी सगळ्यांत आधी चेक दिला. घड्याळाचा विषय निघाला की त्यांचं पहिलं वाक्य असतं, "प्रश्न पैशाचा नाही." दुसरं असतं, "तत्त्वतः ठरलेलं आहे." तिसऱ्या वाक्याला ते मिलिमीटरवर येतात.

नोकरी त्यांनी पंपांच्या कारखान्यात केली, क्वालिटी कंट्रोलमध्ये. आयुष्य मायक्रोमीटर आणि प्रेशर गेज यांच्या संगतीत गेलं. त्यामुळे जे मोजता येतं ते त्यांना आवडतं आणि जे मोजता येत नाही, उदाहरणार्थ भाजीतलं मीठ, त्याच्यावर त्यांचा विश्वास नसतो. निवृत्तीच्या समारंभात कंपनीने जे घड्याळ दिलं ते त्यांनी उलटं करून बघितलं. मागे लिहिलं होतं, '30 मीटरपर्यंत जलरोधक'. झालं! भाषण बाजूला राहिलं आणि साडूभाऊंनी व्यासपीठावरच शेजारच्या जनरल मॅनेजरांना समजावून सांगितलं, की तीस मीटर याचा अर्थ तीस मीटर नव्हे. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. प्रत्यक्षात असलं घड्याळ हात धुताना उडालेल्या चार थेंबांपुरतंच. पोहायचं तर शंभर लिहिलेलं हवं. खरी बुडी मारायची तर त्यासाठी आयएसओ 6425 नावाचं वेगळं मानक आहे. मॅनेजरसाहेबांनी आपलं घड्याळ हळूच बाहीत सरकवलं म्हणतात. तिथून हे सुरू झालं.

खरं तर त्याच्याही आधीपासून होतं. साडूभाऊंचे वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या भिंतीवर रंगवलेली पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा, हे त्यांचं पावसाळ्यातलं काम. त्यांच्या हातात फेवर ल्युबाचं 'सी किंग' असायचं. जुन्या वाचकांना हे नाव सांगायला नको. 1737 सालापर्यंत मुळं जाणारी ही स्विस पेढी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत येऊन पोचली होती, आणि एचएमटीच्या आधी आणि नंतरही मराठी घरात 'फेवर ल्युबा आहे' हे वाक्य आवाज थोडा खाली आणून बोललं जायचं. तर नाव 'सी किंग', सागराचा राजा. आणि वडील ते हात धुण्यापूर्वी काढून खिशात ठेवायचे. पाऊस आला तर रुमालात बांधायचे. तीस वर्षांत त्या राजाने मोरीसुद्धा बघितली नाही.

शिवाय हे घराणं पाण्याला जपून असणारंच. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा साडूभाऊ पाळण्यात होते आणि त्यांचा वाडा नदीकाठच्या पेठेत होता. पाणी कुठपर्यंत आलं होतं याची रेघ वडिलांनी पुढे दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओढून ठेवली, खाली फूट-इंच लिहून. इतर घरांत चौकटीवर पोरांची उंची लिहितात, यांच्याकडे पुराची होती. नंतर वाडा पडला, तिथे इमारत आली. ती चौकट मात्र साडूभाऊंनी माळ्यावर ठेवलीय. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दर दिवाळीला विचारते, "हे लाकूड काढायचं का?" आणि दर दिवाळीला उत्तर येतं, "ते लाकूड नाही, रेकॉर्ड आहे."

आता खोली दाखवणारं घड्याळ म्हणजे काय ते समजावून घ्यायचं असेल तर साडूभाऊंकडे जाऊ नका. निदान जेवणाच्या वेळी जाऊ नका. कारण ते तुम्हाला न्हाणीघरात नेतात. भरलेल्या बादलीत फुलपात्र उपडं घालतात. "आत हवा अडकली. बरोबर? आता खाली दाबतो. खाली जाऊ तसा पाण्याचा दाब वाढतो, हवा आकसते, पाणी फुलपात्रात वर चढतं. समुद्रात दहा मीटरवर हवा निम्मी, वीस मीटरवर एक तृतीयांश, तीसवर पाव. रॉबर्ट बॉइल, 1662!" हे साल ते असं उच्चारतात, की बॉइल त्यांच्याच बॅचचा असावा. बादलीत अर्थातच काही दिसत नाही, कारण बादली फूटभर खोल. पण बाहेर येताना प्रत्येकाची बाही कोपरापर्यंत भिजलेली असते.

ओरिस नावाच्या स्विस कंपनीने 2013 मध्ये नेमकी हीच करामत घड्याळात बसवली. काच नेहमीपेक्षा जाड घेतली, तिच्या कडेने गोल फिरणारी बारीक चर कोरली आणि बाराच्या आकड्याशी तिला एक तोंड ठेवलं. बुडी मारली की पाणी चरीत शिरतं, आतली हवा दाबली जाते, आणि पाणी जिथे थांबतं तिथे फिकट आणि गडद अशी सीमा दिसते. तिच्यासमोरचा आकडा वाचायचा, की तुमची खोली. शंभर मीटरपर्यंत. ना सेल, ना स्प्रिंग. चर झिजत नाही, बिघडत नाही; फार तर साफ करावी लागते. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण हे मात्र मलाही गोड वाटलं. किंमत ऐकली आणि गोडवा उतरला. तेवढ्यात दोन-तीन स्कूटर येतात.

साडूभाऊंनी या बाबतीतली सगळी घड्याळं तपासून बघितली आहेत, कागदावर. एक एक्सेल शीट आहे. तिच्यात रकाने किती हे मी विचारलं नाही, पण ती उघडताना संगणकाचा पंखा वाजतो. फेवर ल्युबाचं जुनं 'बॅथी', 1960च्या दशकातलं, हाताने किल्ली द्यायचं. आत दाबाने फुगणारी-दबणारी डबी आणि पन्नास मीटरपर्यंतचा काटा. ते वडिलांच्या कंपनीचं म्हणून पहिल्या ओळीत. 2011 मध्ये टाटांच्या टायटनने ती कंपनी विकत घेतली तेव्हा साडूभाऊंनी पेढे वाटले होते आणि घेणाऱ्यांना कारण कळलं नव्हतं. मग कंपनीने नवं 'बॅथी 120' काढलं, 120 मीटरपर्यंत खोली दाखवणारं. पण ते 48 मिलिमीटरचं. नवी चकती कापली गेली, सिलिंडरवाल्याला दाखवली गेली आणि नामंजूर झाली. आयडब्ल्यूसीचं 'डीप थ्री' टायटॅनियमचं. त्यात दोन काटे: एक आत्ताची खोली दाखवतो, दुसरा त्या बुडीत गाठलेल्या सर्वाधिक खोलीवर जाऊन तिथेच थांबतो. "म्हणजे वर आल्यावर पुरावा राहतो," साडूभाऊ म्हणतात. कोणाला दाखवायचा, हे शीटमध्ये नाही. ब्लाँपँचं 'एक्स फॅदम्स' नव्वद मीटरपर्यंत मोजतं, पण त्याचा व्यास 55 मिलिमीटरच्या वर. त्याची चकती त्यांनी कापली तेव्हा ताई म्हणाली, "हे मनगटावर नको, भिंतीवर लावू."

त्यामुळे फिरून गाडी ओरिसवर येते आणि रंगापाशी अडते.

दर दोन-तीन आठवड्यांनी साडूभाऊ शोरूमला जातात. इस्त्रीचा शर्ट, डाव्या हाताला काही नाही, खिशात पॅन कार्डाची झेरॉक्स. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. ती झेरॉक्स इतकी वर्षं खिशात आहे, की घडीवर नंबरातलं एक अक्षर पुसलं गेलंय. दारावरचा माणूस त्यांना सलाम करतो, आतला मुलगा न विचारता बिनसाखरेची कॉफी आणतो, मग काळे हातमोजे चढवून मखमलीच्या तबकात घड्याळ ठेवतो. साडूभाऊ ते घालतात, हात लांब, हात जवळ, बाही वर, बाही खाली. बाहेरचं कडं फिरवून बघतात. ते उलट्या दिशेनेच फिरतं. सुलट फिरत नाही. का? त्या कड्यावर बुडीचा वेळ लावलेला असतो. पाण्यात कशाचा धक्का लागला तर हवा संपायला उरलेला वेळ कमीच दिसावा, चुकून जास्त दिसू नये. हे उत्तर त्या मुलाला साडूभाऊंनीच शिकवलं. सुरुवातीला नवखेपणी त्याने एकदा अदबीने विचारलं होतं, "सर डायव्हिंगला कुठे जाता? अंदमान? मालदीव?" साडूभाऊ जरा थांबून म्हणाले, "सध्या थिअरी चालू आहे."

तो मुलगा पुढे दुसरीकडे मोठ्या पगारावर गेला. जायच्या आधी तो घरी येऊन साडूभाऊंच्या पाया पडला. शोरूममध्ये आता नवा भरती झालेला पोरगा पहिल्याच महिन्यात साडूभाऊंच्या समोर बसवतात म्हणे. यांच्या हाताखालून गेला, की गिऱ्हाईक कसलंही येवो.

मालवणची सहल ताईने ठरवली. ती स्वतः पट्टीची पोहणारी. शाळेत शिकवायची तेव्हापासून आजतागायत तिचं सकाळचं पोहणं चुकलेलं नाही. घरात कुणी बोलत नाही, पण घड्याळाच्या जाहिरातीतला माणूस त्या घरात कोणी असेल तर ती ताई आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोटीतून नेतात, पोशाख चढवतात, पाठीवर सिलिंडर देतात आणि एक प्रशिक्षक हात धरून खाली घेऊन जातो. पोहता यायलाच हवं असं नाही. आम्ही सगळे तयार झालो. साडूभाऊंनी प्रशिक्षकाच्या मनगटाकडे बघितलं. तिथे काळ्या प्लास्टिकचं, ओरखडे पडलेलं, चौकोनी काहीतरी होतं.

"हा डाइव्ह कॉम्प्युटर," तो म्हणाला. "खोली, वेळ, पाण्याचं तापमान, वर कसं यायचं, सगळं सांगता."

"मेकॅनिकल नाही वापरत?"

"ता काय असता?"

साडूभाऊंनी बोटीतच बॉइलचा नियम काढला. तो पोरगा आपल्या वयाच्या मानाने फार सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "काका, ह्यो नियम आमका कानांत कळता. खाली गेल्यार कान दुखतत, नाक धरून फुंकुचा. तुमी येतास मां?" साडूभाऊंनी लाटांकडे बघितलं आणि सर्वांच्या सामानाची जबाबदारी स्वीकारली. आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा ते बोटीच्या मधोमध बसले होते. मांडीवर सहा मोबाइल, डाव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत आमची सगळ्यांची घड्याळं. प्रत्येक घड्याळ किती मीटरपर्यंत चालेल हे त्यांनी जमा करून घेताना मोठ्याने जाहीर केलं होतं. नावाड्याचंही काढून घेतलं.

ताई वर आली ती चेहऱ्यावर पोरीसारखं हसू घेऊन. मासे अगदी हातावरून गेले, एक निळा-पिवळा होता, दगडावर काहीतरी फुलासारखं उघडत-मिटत होतं, असं ती धापा टाकत सांगत होती. साडूभाऊंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "किती मीटर?"

"काय की. विचारलंच नाही."

त्यांचा चेहरा इतका पडला, की क्षणभर मला वाटलं त्यांना बोट लागली. परतीच्या वाटेवर कणकवलीपर्यंत ते गप्प होते. घाट चढताना म्हणाले, "एवढ्यासाठीच गेज लागतं हो."

गंमत कशात आहे ते मला नंतर कधीतरी साडूभाऊंच्याच तोंडून कळलं. त्या चरीची वाटणी सारखी नसते. पहिल्या दहा मीटरनाच अर्धी चर जाते, पुढचे नव्वद उरलेल्यात दाटीवाटीने बसतात. म्हणजे ते घड्याळ जितकं उथळ पाणी तितकं मोकळं, स्वच्छ वाचता येतं. खोल गेलात, की आकडे एकमेकांच्या अंगावर येतात. "म्हणजे हे आपल्यासारख्यांसाठीच आहे की," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. मी त्यांच्या बाजूचा झालो असं त्यांना वाटलं असावं. आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर मी माझं मनगट वीतभर अंतरावरून तपासत होतो.

यंदा पाडव्याला ताईने सगळा डावच उलटवला. पोस्टातली एक ठेव पिकली होती. जेवणं झाल्यावर तिने पासबुक टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "घ्या जाऊन ते घड्याळ. आज मुहूर्त आहे. मी येते बरोबर."

साडूभाऊंच्या हातातली श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. एवढ्या वर्षांत त्यांनी सगळ्या शक्यता धरल्या होत्या: आयात कर, फ्रँकचा भाव, चरीत मीठ साचणं, सर्व्हिसिंगला घड्याळ परदेशी पाठवावं लागणं. बायको हो म्हणेल ही शक्यता शीटमध्ये नव्हती. ते आधी म्हणाले, आज गर्दी असेल. मग म्हणाले, नवं मॉडेल यायची वेळ आहे. मग माझ्याकडे वळले. मी बडीशेप शोधत होतो. शेवटी त्यांनी एक असा मुद्दा काढला, की ताईलाही बोलता येईना. "अगं, पोहता न येणाऱ्या माणसाने असलं घड्याळ घालणं हे तत्त्वात बसत नाही. आधी पोहणं. मग घड्याळ."

आणि वयाच्या पासष्टीत त्यांनी नाव घातलं! घराजवळच्या तलावावर, सकाळच्या बॅचला. उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे बॅचमध्ये बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी घड्याळासकट निघाले होते, कंपनीने दिलेल्या, तीस मीटरवाल्या. शिकवणारा मुलगा म्हणाला, "काका, ते काढून ठेवा, पाणी जाईल." साडूभाऊ खूश झाले. जाणता मुलगा आहे, म्हणाले.

पुढची हकीकत ताईकडून कळते. ती पलीकडे खोल बाजूला आपल्या फेऱ्या मारत असते आणि प्रत्येक फेरीला एक डोळा इकडे असतो. साडूभाऊ कडेचा बार दोन्ही हातांनी धरून उभे असतात. पोरं त्यांच्या बगलेखालून बुडी मारून जातात. त्या मुलाने एक आठवडा वाट बघितली, मग जवळ येऊन हळूच सांगितलं, "काका, बार सोडा. इथे साडेतीनच फूट आहे, पाय टेकतात." साडूभाऊंनी विचारलं, "हे साडेतीन फूट कोणी मोजलंय?"

त्याच दिवशी दुपारी मला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "साडूभाऊ, बारला लटकल्या लटकल्या हिशेब केला. साडेतीन फुटांना चरीचा साधारण दहावा हिस्सा भरतो. आणि पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब थोडा कमी, म्हणजे आपल्याकडे किंचित जास्तच भरणार. दिसतं हो! साडेतीन फुटांतसुद्धा चक्क दिसतं!"

"अरे वा," मी म्हणालो. "मग बार सोडलात का?"

"सोडतो की, घाई काय आहे. आधी हे रीडिंग काळ्या डायलवर जास्त स्पष्ट येईल की निळ्यावर, एवढं फक्त बघू द्या."